शुद्ध किती मिलिग्रॅमला हरपते?

माहुलच्या माणसावर शस्त्रक्रियेची वेळ आली, की तो गोवंडीच्या शताब्दीत जातो, घाटकोपरच्या राजावाडीत जातो, नाहीतर चेंबूर ओलांडून शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात. मुंबईकर त्याला नुसतं ‘सायन’ म्हणतो. सर्जन तारीख देतो, पण ती खरी ठरते ‘फिटनेस’ मिळाला तरच. तो देतो भूलतज्ज्ञ. पेशंटला बहुतेकदा त्याचं नावही ठाऊक नसतं. जिना चढताना दम लागतो का, तोंड किती उघडतं, दात हलतात का, आधी कधी भूल घेतली होती का, घरी कुठल्या गोळ्या चालू आहेत, अशी चौकशी करून तो केसपेपरवर चार ओळी लिहितो. ऑपरेशनच्या दिवशी शिरेतून जाणाऱ्या एका पांढऱ्या औषधाचा हिशेब त्या चार ओळींवर ठरतो.

समजा, पन्नाशीतली, पन्नास किलो वजनाची एक बाई पित्ताशयातल्या खड्यांसाठी टेबलावर आली आहे. औषध प्रोपोफॉल. दुधासारखं दिसतं, कारण ते पाण्यात विरघळत नाही. सोयाबीनच्या तेलात आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये घोळून त्याचं मिश्रण केलेलं असतं. एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. पुस्तकातला डोस प्रौढांसाठी दर किलोला दीड ते अडीच मिलिग्रॅम. दोन धरले तर १०० मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिलिटर. हिशेब संपला. पण तो इथेच संपत असता, तर भूलशास्त्रासाठी एमबीबीएसनंतर आणखी तीन वर्षं घासावी लागली नसती.

शिरेतून औषध देऊन शुद्ध घालवण्याची कल्पना जुनी आहे. लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनने १६५६ च्या सुमारास एका कुत्र्याच्या शिरेत अफूचा द्राव सोडला होता. फ्रान्समध्ये ओरे नावाच्या सर्जनने १८७० च्या दशकात क्लोरल हायड्रेट शिरेतून देऊन माणसांवर शस्त्रक्रिया केल्या. पण एकोणिसाव्या शतकावर राज्य केलं ते श्वासावाटे द्यायच्या भुलीनं: ईथर आणि क्लोरोफॉर्म. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो आधी श्वास थांबून की हृदय थांबून, हा त्या काळचा मोठा वाद. तो सोडवायला निजामाच्या पैशावर हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग बसले. सर्जन एडवर्ड लॉरी यांचा निष्कर्ष होता की आधी श्वास थांबतो, म्हणून नजर श्वासावर ठेवा. पुढे १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदयाची लय एकाएकी बिघडू शकते, आणि लॉरींचा दावा अर्धाच खरा ठरला. पण श्वासावर नजर ठेवायची शिस्त मात्र तेव्हापासून पक्की झाली. या प्रयोगांच्या दिवसांत हैदराबादेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी जगातल्या अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं, हे बरं नाही.

क्लोरोफॉर्मचा एक गुण शिरेतल्या औषधाला नाही. वायू जास्त झाला तर मास्क बाजूला करता येतो. पेशंट श्वास घेत असेल तोवर तो फुप्फुसातून बाहेर पडत राहतो. शिरेत गेलेला थेंब परत घेता येत नाही. म्हणून ८ मार्च १९३४ रोजी अमेरिकेत राल्फ वॉटर्स यांनी थायोपेन्टोन पहिल्यांदा वापरलं, तेव्हापासून डोसाचा प्रश्न सगळ्यात वर आला. थायोपेन्टोनने अर्धशतक गाजवलं. मग ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत जॉन ग्लेन या पशुवैद्यकाच्या गटाने प्रोपोफॉल शोधलं. १९७७ मध्ये माणसांवर पहिली चाचणी झाली, पण तेव्हाच्या द्रावकामुळे काहींना ॲलर्जीचे गंभीर झटके आले आणि सगळं गुंडाळावं लागलं. तेलातलं नवं मिश्रण घेऊन ते १९८६ मध्ये बाजारात आलं. ग्लेन यांना त्यासाठी २०१८ चा लास्कर पुरस्कार मिळाला. आज सरकारी असो की खासगी, ऑपरेशन थिएटरमधली, म्हणजे ओटीतली, ती पांढरी सिरिंज बहुतेक वेळा प्रोपोफॉलचीच असते.

सिरिंजमधून मनगटाच्या शिरेत गेलेलं औषध आधी हृदयाच्या उजव्या बाजूला, तिथून फुप्फुसांत, मग डाव्या बाजूला आणि तिथून मेंदूत पोचतं. धडधाकट माणसात या प्रवासाला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. पण रक्तात औषध पोचणं आणि मेंदूत त्याचा पूर्ण परिणाम होणं यात आणखी अंतर आहे. रक्तातलं प्रमाण चढून उतरायला लागतं, तरी मेंदूतलं अजून वाढतच असतं. त्याचा कळस दीड-पावणेदोन मिनिटांनी येतो. ठेच्याचा पहिला घास तिखट लागला नाही म्हणून लगेच दुसरा घेणाऱ्याची जी गत होते, तीच घाई करणाऱ्या भूलतज्ज्ञामुळे पेशंटची होऊ शकते. शुद्ध गेली नाही म्हणून आणखी पाच मिलिलिटर ढकलले, आणि मग दोन्ही डोस एकदम अंगावर आले.

इथे एक उलटा नियम आहे, नवख्या निवासी डॉक्टरला तो पचायला वेळ लागतो. रक्तस्राव झालेला, शॉकमध्ये गेलेला पेशंट असेल तर हृदय कमी रक्त फेकतं. औषध मेंदूपर्यंत उशिरा पोचतं, पण कमी रक्तात मिसळल्यामुळे ते जास्त तीव्र होऊन पोचतं. म्हणजे शुद्ध जायला वेळ जास्त लागतो आणि औषध मात्र कमी लागतं. रेल्वे अपघातातले जखमी सायनला रोजचेच. अशा पेशंटला पुस्तकी दोन मिलिग्रॅमचा हिशेब लावला, तर रक्तदाब कोसळतो. तिथे केटामाइन हे भुलीचं दुसरं औषध वापरतात, किंवा प्रोपोफॉल अगदी थेंबाथेंबाने, नाडीवर बोट ठेवून. हळू देण्याचाही मोठा फायदा असतो: म्हाताऱ्या पेशंटमध्ये हेच औषध सावकाश सोडलं तर शुद्ध जायला एकूण मात्रा कमी पुरते. फक्त थोडा धीर धरावा लागतो, आणि लांबलचक यादीच्या दिवशी धीर हीच सगळ्यात महाग वस्तू असते.

एका डोसाने आलेली बेशुद्धी पाच-दहा मिनिटांत उतरते, तेही लोकांना वाटतं तशा कारणाने नाही. एवढ्या वेळात यकृत ते औषध पूर्ण मोडू शकत नाही. मेंदूला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून सुरुवातीचा वाटा त्याला मिळतो. मग स्नायू आणि इतर अवयव आपापला वाटा ओढतात, आणि मेंदूतलं प्रमाण घटतं. औषध अंगातच असतं, जागा बदलतं. लांबलेल्या ऑपरेशनमध्ये थायोपेन्टोन पुन्हा पुन्हा दिलं तर हे सगळे कोपरे भरून जातात आणि पेशंट तासन्‌तास उठत नाही. प्रोपोफॉल शरीर झपाट्याने मोडतं, म्हणून ते पंपावर सलग चालवता येतं. प्रोपोफॉलचं खरं यश हेच.

मेंदूत नेमकं काय होतं? तिथे गाबा नावाचं एक रसायन पेशींना शांत करण्याचं काम करतं. प्रोपोफॉल त्याच्याच ग्राहीवर बसतं आणि तो संदेश लांबवतं. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांच्या या ग्राहीतला फक्त एक अमिनो आम्लाचा दुवा बदलला, आणि त्या उंदरांवर प्रोपोफॉलचा परिणाम कमालीचा घटला. एवढ्याशा बदलावर शुद्ध अडकलेली.

पण पेशी शांत होणं म्हणजे मेंदू बंद पडणं नव्हे. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेल्या काही रुग्णांना अमेरिकेत प्रोपोफॉल देताना नोंदी घेतल्या गेल्या. त्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. शुद्ध हरपते त्या क्षणाच्या आसपास, काही सेकंदांच्या आत, मेंदूत एक अतिशय संथ लाट उसळते. दोन सेकंदांत साधारण एक. प्रत्येक भागातल्या पेशी त्या लाटेच्या एखाद्याच टप्प्यात बोलतात, बाकीचा वेळ गप्प. आणि वेगवेगळ्या भागांच्या लाटा एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणजे जवळच्या जवळ कुजबुज चालू, पण दूरच्या दोन भागांचा एकाच वेळी संवाद होत नाही. माझ्या मते शुद्ध हरपण्याचं आजवर मिळालेलं हे सगळ्यात पटणारं चित्र आहे. शुद्ध मात्रेच्या प्रमाणात मंद होत जात नाही, संवाद मोडतो तेव्हा एकदम जाते.

म्हणूनच एका माणसापुरता प्रश्न ‘गेली की नाही’ असा असतो. शंभर माणसं घेतली तर मात्र मात्रा वाढवत जाताना शंभरातले कितीजण बेशुद्ध झाले, याची एक चढती रेषा निघते. पुस्तकातला डोस त्या रेषेवरून काढलेला आहे. तो शंभर माणसांचा आकडा आहे. तुमच्या वाट्याला रेषेवरची कुठली जागा आली आहे, ते त्यात लिहिलेलं नसतं. वयाचंच बघा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या एका अभ्यासात निम्म्या लोकांची शुद्ध जायला लागणारं प्रोपोफॉलचं प्रमाण पंचविशीत मिलिलिटरला २.३५ मायक्रोग्रॅम, पन्नाशीत १.८ आणि पंचाहत्तरीत १.२५ इतकं निघालं. पंचाहत्तरीला जवळजवळ निम्मं. लहान मुलांना उलट किलोमागे जास्त लागतं. लठ्ठ माणसाच्या काट्यावरच्या वजनाने डोस काढला तर तो जास्त होतो, कारण सुरुवातीच्या मिनिटांत चरबीचा त्यात फारसा भाग नसतो. रोज दारू पिणाऱ्याला जास्त लागू शकतं. त्याचं यकृत खचलं असेल तर गणित पुन्हा फिरतं. आधी मिडाझोलाम आणि फेन्टानिल ही जोडीची औषधं थोडी दिली असतील तर प्रोपोफॉल बरंच कमी पुरतं.

मात्रा वाढत जाते तसं काय काय जातं, त्याचा एक क्रम आहे. सगळ्यात आधी आठवण जाते: माणूस बोलत असतो, ‘डोळे उघडा’ म्हटल्यावर उघडतो, पण नंतर त्याला ते काही आठवत नाही. मग हाकेला ओ देणं थांबतं. भूलतज्ज्ञ पापणीच्या केसांना हलकेच बोट लावतो. पापणी मिटली नाही तर शुद्ध गेली असं समजतो. इथपर्यंत पोचायला फार औषध लागत नाही. पण सर्जनची सुरी त्वचेला लागली तर याच अवस्थेत हात ओढला जाईल. श्वासनलिकेत नळी घालायला त्याहूनही खोल जावं लागतं, कारण घशाची आणि श्वासनलिकेची प्रतिक्षिप्त क्रिया सांभाळायला शुद्धीची गरज नसते. ती मेंदूच्या खालच्या मजल्यावरून चालते, आणि तो मजला उशिरा झोपतो.

इथे माहुल पुन्हा येतं.

१९५० च्या दशकाच्या मध्यात माहुलच्या कोळीवाड्याशेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, आजचे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमचे. मग रसायनांच्या साठवणीच्या टाक्या आल्या, आणि पुढे प्रकल्पबाधितांसाठी ७२ इमारतींची वसाहतही इथेच उभी राहिली. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडल्यावर २०१७ मध्ये तिथले लोक याच इमारतींत आणून ठेवले. त्याआधीच, २०१३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या श्वसनविकार विभागाने माहुल-आंबापाडा भागात पाहणी केली होती. सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचं सांगितलं. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या रहिवाशांच्या आरोग्याला हवेच्या प्रदूषणाचा धोका असल्याचं मान्य केलं.

अशा हवेत राहिलेल्या माणसाची श्वासनलिका चिडखोर असू शकते. दम्याचं निदान झालेलं असेलच असं नाही. ‘थोडा खोकला असतो, सगळ्यांनाच असतो’ एवढंच तो सांगतो. शुद्ध जायला त्याला इतरांएवढंच प्रोपोफॉल लागतं. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. शुद्ध गेली म्हणून नळी घातली, आणि खालचा मजला अजून जागा असला, तर श्वासनलिका आवळते. छातीत शिट्टी वाजायला लागते, श्वास देण्याचा फुगा दाबूनही हवा आत जात नाही, ऑक्सिजनचा आकडा उतरू लागतो. म्हणजे शुद्ध हरपण्याची मात्रा आणि नळी सहन होण्याची मात्रा यांत जे अंतर आहे, ते पार केल्याशिवाय या माणसाच्या घशाला हात लावायचा नसतो.

औषधाची निवडही इथे महत्त्वाची ठरते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दम्याच्या रुग्णांना थायोपेन्टोनच्या जातीच्या औषधांनी भूल दिल्यावर नळी घातल्यानंतर बऱ्याच जणांच्या छातीत शिट्टी ऐकू आली. प्रोपोफॉल दिलेल्यांपैकी एकाच्याही नाही. केटामाइन तर श्वासनलिका सैल करतं. उलट डेसफ्लुरेनसारखा भुलीचा उग्र वायू जाग्या घशाला चिडवतो. नेहमीची पद्धत म्हणजे ऑपरेशनआधी दम्याच्या पंपाचे दोन दाब द्यायचे, आधी थोडं फेन्टानिल, मग प्रोपोफॉल जरा हात सैल सोडून, आणि मगच नळी.

हात सैल सोडण्याला मर्यादा आहेच. त्या क्रमाच्या शेवटच्या पायरीवर श्वास थांबतो आणि रक्तदाब घसरतो. ओटीत श्वास थांबला तर काळजी नसते, भूलतज्ज्ञ फुग्याने श्वास देत असतो. घरी तो कोण देणार? २५ जून २००९ रोजी मायकल जॅक्सन गेला तो याच औषधाने, झोप यावी म्हणून घरी घेतलेल्या.

दुसऱ्या टोकाला भीती असते कमी पडण्याची. स्नायू सैल करणारं औषध दिलेल्या माणसाला हलता येत नाही. जाग आली तरी सांगणार कसं? ब्रिटन-आयर्लंडमध्ये देशभरातून गोळा केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ऑपरेशनदरम्यान जाग आल्याची तक्रार सुमारे १९,००० भुलींमागे एकाने केली. स्नायू सैल करणारं औषध वापरलं तिथे ८,००० मागे एकाने. पण तक्रार करायला आठवण उरावी लागते. १९७७ मध्ये टन्स्टॉल यांनी एक साधी युक्ती काढली: एका हाताला पट्टा आवळून सैल करणारं औषध त्या हातात जाऊ द्यायचं नाही, आणि मग पेशंटला म्हणायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नळी घातल्यानंतर २६० पैकी १२ जणांनी हात दाबला. हात दाबणाऱ्यांना नंतर बहुधा काहीच आठवत नाही. मग ते शुद्धीत होते का? माझं मत, होते. आठवण राहिली नाही म्हणून तो क्षण घडलाच नाही असं म्हणता येत नाही.

कपाळावर पट्टी चिकटवून मेंदूच्या लहरींवरून ० ते १०० असा आकडा दाखवणारं यंत्र १९९० च्या दशकात आलं; ४० ते ६० मध्ये ठेवा, असा संकेत. चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. गोवर्धन दत्त पुरी यांच्या गटाने तर हा आकडा वाचून प्रोपोफॉलचा पंप आपोआप कमीजास्त करणारी प्रणाली बनवली आणि ती शस्त्रक्रियांमध्ये वापरली. भारतात, भारतीय पेशंटवर, पेशंटच्या मेंदूलाच डोस ठरवू देणारं हे काम. त्याचा जितका गवगवा व्हायला हवा होता तितका झाला नाही. तरी यंत्राचा आकडा केटामाइन दिल्यावर फसतो, आणि खालच्या मजल्याबद्दल तर तो काहीच सांगत नाही. घसा अजून जागा आहे का, हे भूलतज्ज्ञाला स्वतःच ओळखावं लागतं.

म्हणून फिटनेसच्या खोलीत गेल्यावर लपवू नका. दारू, मिश्री, तंबाखू, गांजा, झोपेच्या गोळ्या, मागच्या ऑपरेशनला झालेला त्रास, रात्री येणारी धाप, सगळं सांगा. तिथे विचारणारा डॉक्टर तुमची वागणूक तपासत नसतो, डोस काढत असतो. खोकला ‘सगळ्यांनाच असतो’ म्हणून सोडून देऊ नका. माहुलला, आंबापाड्याला किंवा अशाच कुठल्या कारखान्याशेजारी राहत असाल, तर तेही मुद्दाम सांगा, कारण केसपेपरवरचा पत्ता डॉक्टर वाचतोच असं नाही. सर्दी-ताप नुकताच होऊन गेला असेल तर तारीख पुढे ढकलायला तयार राहा. आणि दम्याचा पंप वापरत असाल, तर ऑपरेशनच्या दिवशी तो घरी विसरू नका. पिशवीत रिपोर्टांच्या शेजारी ठेवा.